बेन्स चिली बोल, यू स्ट्रीट: हाफ-स्मोक खा आणि रांगेकडेही बघा

कामाचं आधी सांगते. वॉशिंग्टनमध्ये यू स्ट्रीटवरच्या बेन्स चिली बोलला जायचं असेल तर गाडी नेऊ नका. मेट्रोची ग्रीन लाइन धरा, यू स्ट्रीटला उतरा, तेराव्या रस्त्याच्या बाजूने वर या. दुकान समोरच आहे. जानेवारी २००९मध्ये रांग दाराबाहेर फुटपाथवर आलेली असायची. ती बघून परत फिरू नका, पटापट सरकते. काय घ्यायचं ते बाहेर उभं असतानाच ठरवून ठेवा, आत जाऊन बोर्ड वाचत बसलात की मागचे खोळंबतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाफ-स्मोक सांगावा, सगळं घालून. किंमत २००९च्या जानेवारीत पाच डॉलरच्या आसपास होती.

मी काही खाण्यावर लिहिणारी बाई नाही. इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त-लघवीचे नमुने तपासते आणि मेरीलँडमध्ये ग्रीनबेल्टला राहते. पण बराक ओबामांच्या शपथविधीचा गेला आठवडा (जानेवारी २००९) या शहरात ज्याने काढला त्याला काहीतरी लिहावंसं वाटतंच, आणि राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी जेवणावर लिहिते.

हाफ-स्मोक हे वॉशिंग्टनचं स्वतःचं सॉसेज. पोर्क आणि बीफ जाडसर वाटून, मसाला घालून धुरावर धरलेलं. बेन्समध्ये तवा दर्शनी खिडकीलाच लागून आहे, त्यामुळे रांगेत असतानाच आपलं जेवण होताना दिसतं. शनिवारी तव्यावर जो होता त्याचा हात बघत राहावा असा. सॉसेज तव्यावर लोळवायचं, साल तडकून रस चुरचुरला की वाफवलेल्या मऊ पावात ठेवायचं, मोहरीच्या सॉसची एक रेघ, चिमटीने बारीक कांदा, आणि वरून पळीभर चिली सॉस, पावाच्या कडेवरून ओघळेल इतका. हे सगळं तो शेजारच्याशी फुटबॉलवर भांडत करत होता, आणि एकदाही खाली बघत नव्हता. खाताना बाह्या वर करा. साल दाताखाली कटकन तुटते, मग धुराचा वास येतो, मग सॉस हनुवटीवर येतो. इथले लोक याला तिखट म्हणतात. आपण मान डोलवावी आणि खात राहावं.

माझा मुलगा गेल्या वर्षापासून मांस खात नाही (कॉलेजात कुणीतरी काहीतरी वाचायला दिलं). त्याने व्हेजी चिली घेतली आणि वाडगा पुसून खाल्ला. चिली-चीज फ्राइज दोघांत एकच मागवा, नाहीतर संपत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मिल्कशेक थंडीतही लोक घेत होते. मी घेतला नाही, मला अजून मंगळवारच्या शपथविधीची थंडी अंगातून गेलेली नाही.

भिंतीवर एक पाटी होती, इथे फुकट कोण खातं याची. त्यावर विनोदी नट बिल कॉस्बी आणि ओबामा कुटुंब, एवढेच. ओबामांचं नाव नोव्हेंबरातल्या निवडणुकीनंतर चढलं. १० जानेवारीला, म्हणजे शपथविधीच्या दहा दिवस आधी, ओबामा शहराचे तेव्हाचे महापौर एड्रियन फेंटी यांच्यासोबत येऊन हाफ-स्मोक खाऊन गेले. ही बातमी मी औरंगाबादला दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितली. दादा जिल्हा परिषदेत कारकून होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे दिले का त्यानं?"

"दिले दादा. सुटे पण परत घेतले नाहीत."

"मग पाटी कशाला लावली?"

"पाटी दुकानदारानं लावली. पैसे यानं दिले."

"हां. मग दोघंबी बरोबर." थोडं थांबून म्हणाले, "हातात दिले का काउंटरवर ठेवले?"

ते काही बातमीत नव्हतं.

दादांचा प्रश्न कुणाला गमतीचा वाटेल. त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या वस्तीचा कप आत नसायचा. बाहेर पत्र्याच्या आडूला खोचलेला असायचा, कान गेलेला. तो आपणच काढायचा, विसळायचा, मालक वरून चहा ओतणार, पिऊन झालं की पुन्हा विसळून जागेवर. पैसे जमिनीवर ठेवायचे. मालक त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. चहा तोच आणि दरही तोच. दादा सांगतात, पाणी शिंपडल्यावर नाणं कसं चमकायचं ते त्यांना अजून दिसतं. असल्या माणसाला कुठल्याही देशाच्या आदर्शांबद्दल सांगायला गेलं की तो थेट गल्ल्यापाशी येतो, आणि मला वाटतं त्याचं बरोबरच आहे.

म्हणून शनिवारी मी बेन्समध्ये चवीइतकंच काउंटरकडे लक्ष देऊन होते. तिथली मुलगी प्रत्येकाला 'बेबी' म्हणते. माझ्यापुढे एक पोलीस होता, त्याला बेबी. त्याच्यापुढे लांब कोट घातलेला, कुठल्याशा मोठ्या कचेरीतला वाटणारा गोरा माणूस, त्यालाही बेबी. कोटावर ओबामांचे पाच-सहा बिल्ले लावलेल्या, चर्चची टोपी घातलेल्या एक आजीबाई होत्या, जॉर्जियाहून बसने आलेल्या. त्या बेबी झाल्या तेव्हा खुदकन हसल्या. मग मी. तिने नोट माझ्या हातातून घेतली आणि सुटी नाणी माझ्या तळव्यावर ठेवली, तिची बोटं मला लागली. इथे हे रोज होतं, कुणी त्याची नोंद घेत नाही. मी घेतली.

दुकान २२ ऑगस्ट १९५८ला उघडलं. बेन अली मूळचे त्रिनिदादचे, भारतीय वंशाचे. शिकायला हॉवर्ड विद्यापीठात आले आणि दातांचा डॉक्टर होता होता चिली विकायला लागले. व्हर्जिनिया अली त्यांच्या पत्नी. ही इमारत आधी मूकपटांचं थिएटर होती, नंतर तिथे पूल खेळायचा अड्डा झाला. या दोघांनी पाच हजार डॉलरमध्ये ती नीट करून घेतली. तेव्हा यू स्ट्रीटला 'ब्लॅक ब्रॉडवे' म्हणत, काळ्यांच्या नाटक-गाण्यांचा रस्ता. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन याच भागात वाढला. शेजारी लिंकन थिएटर आहे, तेही बघण्यासारखं.

आता दुकान त्यांची मुलं बघतात, कमाल आणि निझाम. मराठवाड्यातल्या माणसाचे कान दुसऱ्या नावाला टवकारणारच. दादा १९४८च्या सप्टेंबरात सतरा वर्षांचे होते, पोलीस ॲक्शन त्यांनी डोळ्यांनी बघितलेली. त्यांना मुद्दाम नाव सांगितलं. बराच वेळ हसत होते. "रझाकारातून आम्ही वाचलो आन् पोरगी निझामाकडं जेवायला गेली म्हणायची."

एप्रिल १९६८मध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली आणि दंगल पेटली ती इथूनच, चौदावा रस्ता आणि यू स्ट्रीटच्या चौकातून. दुकानं फुटली, जळली. बेन अलींनी काचेवर साबणाने 'सोल ब्रदर', म्हणजे हा आपल्यातलाच, असं लिहिलं. शहरात संचारबंदी होती, पण बेन्सला उघडं ठेवायची परवानगी मिळाली. विद्यार्थी चळवळीचा नेता स्टोकली कारमायकल याने त्यासाठी शब्द टाकला होता. मग त्या रात्रींत एकाच काउंटरवर पोलीस, आग विझवणारे आणि चळवळीतली पोरं जेवत होती. ज्या चळवळीतून ब्लॅक पँथर उभे राहिले, आणि ज्यांच्यावरून आमच्याकडे १९७२मध्ये दलित पँथर नाव घेतलं गेलं, तिच्यातली ही माणसं. मी लाल स्टुलावर बसून फ्राइज खात होते आणि समोरच्या भिंतीवर त्या काळचे फोटो होते. फोटो सावकाश बघा. मागच्या खोलीतही आहेत, बरेच लोक तिथवर जातच नाहीत.

दंगलीनंतर भाग ओस पडला. मग ऐंशीच्या दशकात मेट्रोसाठी रस्ताच खणून ठेवला, समोर मोठा खड्डा. आज ज्या स्टेशनाने मी आले ते १९९१मध्ये सुरू झालं. खड्ड्याच्या काठावर दुकान चालू ठेवणं हे माझ्या मते दंगलीत चालू ठेवण्यापेक्षा अवघड. दंगलीत निदान गिऱ्हाईक तरी असतं.

आता मंगळवारचं. २० जानेवारीला आम्ही पहाटेच्या अंधारात ग्रीनबेल्टहून निघालो. (हे ग्रीनबेल्ट सरकारने १९३७मध्ये वसवलेलं आदर्श गाव. तळं, बागा, सहकारी दुकान, सगळं होतं, फक्त काळ्या माणसांना घर मिळत नव्हतं. आज आमच्या जिन्यात नायजेरिया, एल साल्वाडोर आणि परभणी आहे.) मेट्रोने ओबामांचा चेहरा छापलेलं कार्ड काढलं होतं, ते मुलाने हट्टाने घ्यायला लावलं. अठरा लाख माणसं आली म्हणतात. आम्ही वॉशिंग्टन स्मारकाच्या जवळ उभे, राष्ट्राध्यक्ष म्हणजे पडद्यावरचा एक माणूस. तापमान शून्याखाली. पण त्या गर्दीत कुणी कुणाला ढकललं नाही, आणि गायिका अरिथा फ्रँकलिनच्या टोपीवर ओळखीपाळखी झाल्या.

भाषण मला काही थोर वाटलं नाही, खरं सांगते. मंदी, दोन युद्धं, कष्ट करा, जबाबदारी घ्या. सगळं बरोबरच होतं, पण सप्टेंबरात बँका बुडाल्यापासून आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्यात, त्यांना त्यातून लगेच काय मिळणार. मग शेवटाकडे ते एक वाक्य बोलले. साठ वर्षांपेक्षाही कमी काळापूर्वी ज्याच्या बापाला इथल्या उपाहारगृहात कदाचित कुणी वाढलं नसतं, तो माणूस आज तुमच्यासमोर ही शपथ घ्यायला उभा आहे, या अर्थाचं. माझ्या आजूबाजूची माणसं त्या वाक्याला टाळ्या वाजवायची थांबली. मी नवऱ्याकडे बघितलं, तो पायांकडे बघत होता. स्वातंत्र्य, समता, महासत्ता असले शब्द सोडून हा माणूस हॉटेलावर आला होता. शनिवारी बेन्सला जायचं मी तिथेच ठरवलं.

त्या वाक्यामागे याच शहरातली एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. १९५० साली मेरी चर्च टेरेल नावाच्या बाई, वय ८६, चौदाव्या रस्त्यावरच्या थॉम्पसन उपाहारगृहात काही सोबत्यांबरोबर ट्रे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. काळ्यांना देत नाही, असं उत्तर मिळालं. बाईंना हे उत्तर मिळणार हे ठाऊकच होतं, त्या त्यासाठीच गेल्या होत्या. १८७२ आणि १८७३ साली वॉशिंग्टनमध्ये कायदे झाले होते की उपाहारगृहाने कुणालाही वंशावरून नाकारायचं नाही. ते कधी रद्द झालेच नव्हते, फक्त कुणी अमलात आणत नव्हतं, आणि पुढच्या कायद्यांच्या पुस्तकात छापतही नव्हतं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ जून १९५३ला निकाल लागला: कायदे जिवंत आहेत. काही दिवसांत बाई पुन्हा त्याच थॉम्पसनमध्ये ट्रे घेऊन गेल्या आणि त्यांना वाढलं गेलं. म्हणजे बेन्स उघडलं त्याच्या पाच वर्षं आधीपर्यंत या राजधानीत, लिंकनच्या पुतळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कॉफी नाकारत होते, आणि तीसुद्धा कायद्याच्या विरुद्ध.

आज २६ जानेवारी २००९ आहे. टेरेलबाईंना थॉम्पसनने हाकललं त्याच वर्षी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट, रस्ते अशी यादीच आहे, जिथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. घटना समितीत कुणी विचारलं, न्हाव्याचं दुकान, धोब्याचं दुकान यात येतं का, तर बाबासाहेबांनी सेवा देणारा कुणीही यात येतो असं स्पष्ट केलं. मला हे फार आवडतं. जगातल्या एवढ्या मोठ्या राज्यघटनेत इतक्या वरच्या नंबरावर चहाचं हॉटेल आहे, कारण लिहिणाऱ्याला पत्र्याच्या आडूचा कप माहीत होता. महाडच्या तळ्यावर १९२७ला ते गेले तेव्हाही मुंबई कौन्सिलचा ठराव त्यांच्या बाजूने होताच. कागद होता, पाणी नव्हतं.

म्हणून एक काळा माणूस व्हाइट हाउसमध्ये गेला म्हणजे झालं, असं मी म्हणणार नाही. १९९७मध्ये के. आर. नारायणन पहिले दलित राष्ट्रपती झाले तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते. त्यानंतर नऊ वर्षांनी खैरलांजीचं दलित हत्याकांड झालं. दादांनी तेव्हा पेपर घडी करून ठेवला होता, त्यावर ते कधी बोलले नाहीत. ओबामांच्या बाबतीतही इथले काही लोक म्हणायला लागलेत की आता वंशभेद संपला, जुनं उकरू नका. बेन्सच्या रांगेतल्या जॉर्जियाच्या आजीबाई तसं म्हणत नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, तू कुठली. मी सांगितलं, इंडिया. त्या म्हणाल्या, गांधी. मी म्हटलं, आंबेडकर. त्यांना नाव माहीत नव्हतं. रांग दारातून गल्ल्यापर्यंत जाईतो जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. कोलंबिया विद्यापीठात शिकले, तळ्याचं पाणी, राज्यघटना. आजीबाईंनी पर्समधून पेन काढून रुमालाच्या कागदावर नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. मग म्हणाल्या, "लेखी करून ठेवलं ना त्यानं? हुशार माणूस."

तरी मला आशा वाटते, आणि ती मी लपवत नाही. मंगळवारी सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून शपथेतले शब्द मागेपुढे झाले आणि ओबामाही अडखळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये दोघांनी ती पुन्हा, सावकाश, घटनेत लिहिल्याप्रमाणे म्हटली. शपथ पस्तीस शब्दांची. वीस लाखांच्या घरातल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या होत्या, तोफा झाल्या होत्या, जगाने मान्य केलं होतं, तरी एक क्रियाविशेषण जागेवर नव्हतं म्हणून. ऑफिसातले लोक हसले. दादा हसले नाहीत. "बरं केलं," म्हणाले. "कागद पक्का असला म्हंजे पुढं भांडता येतं." गुरुवारी ओबामांनी ग्वांटानामोचा, दहशतवादाच्या संशयितांना डांबलेला तुरुंग वर्षभरात बंद करायचा आदेश काढला. तो पाळतात का ते बघू, तारीख सगळ्यांनी लिहून ठेवली आहे.

आता पुन्हा जेवणाकडे. दुपारी दोननंतर आणि संध्याकाळी सहाच्या आत गर्दी थोडी कमी वाटली. शुक्रवार-शनिवारी २००९मध्ये दुकान मध्यरात्रीनंतरही चालू असायचं, तेव्हा तरुण पोरांची झुंबड असायची म्हणतात, माझं वय त्या प्रयोगाचं नाही. लहान मुलं असतील तर काउंटरवरच्या स्टुलांपेक्षा बाकड्यांची जागा धरा. ज्यूकबॉक्स आहे. दरवाजात उभं राहून फोटो काढणाऱ्यांची रीघ असेल तर त्यांना वळसा घालून आत शिरा.

दादांच्या व्हिसाचा अर्ज भरलाय, मुंबईला मुलाखत आहे. मिळाला तर मे महिन्यात त्यांना बेन्सला नेणार. काल फोनवर त्यांनी सविस्तर विचारलं: बसायला पाठ टेकायची जागा आहे का, पायऱ्या किती, आणि ते जे काय आहे ते तिखट असतं का.

"इथल्या लोकांना लागतं, दादा. तुम्हाला नाही लागायचं."

"मग ठेचा घेऊन येतो डबीत," म्हणाले. "त्यांना बी देऊ थोडा."